ग्राफिक कार्ड घेण्याआधी सर्व्हरला विचारा, तो नक्की काय करतोय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझं काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. सांगलीत गावभागात तुमचं घर. वडिलांनी हँडीकॅमवर केलेल्या ३८ मिनी-डीव्ही टेप तुमच्याकडे आहेत. त्यात घरचे समारंभ आहेत आणि काकांनी भावे नाट्यमंदिरात केलेली नाटकंही आहेत. त्याशिवाय लग्नाच्या डीव्हीडी आणि अलीकडचे आयफोनवरचे व्हिडिओ. हे सगळं ४ टीबीच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घेतलंत आणि चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह डेस्कटॉपवर (८ जीबी रॅम) उबुंटू (लिनक्स), त्यावर डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) आणि डॉकरमध्ये जेलीफिन (घरचे व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा मोफत सर्व्हर) बसवलंत. तक्रारी चार आहेत. हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ अडकत अडकत चालतो. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात. वीज जाऊन आली की सगळी लायब्ररी रिकामी होते. आणि पुण्यातल्या बहिणीला बाहेरून काहीच उघडत नाही. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, घरचे सगळे जमणार आहेत आणि तोवर हे चालायला हवं. म्हणून विचारताय की ग्राफिक कार्ड घालावं की जेलीफिन सोडून प्लेक्स या तशाच दुसऱ्या सर्व्हरवर जावं.

माझं मत: आत्ता यातलं काहीच करू नका. मी सांगली-मिरजेत संगणक आणि नेटवर्कची कामं करतो आणि असे घरगुती सर्व्हर बरेच लावून दिलेत. ‘अडकतंय’ म्हणून बोलावणं आलं की दहातल्या आठ वेळा मशीन कमी ताकदीचं नसतंच, त्याला नको ते काम दिलेलं असतं. तुमचा सर्व्हर दर वेळी टीव्हीसाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवतोय असा माझा दाट अंदाज आहे. ते काम त्याच्याकडून काढून घेता आलं तर हेच मशीन पुढची कित्येक वर्षं पुरेल. टीव्ही कोणत्या कंपनीचा आणि किती जुना हे तुम्ही लिहिलेलं नाही. अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे पुढे जिथे ‘टीव्हीवर अवलंबून’ म्हणेन तिथे तुम्हाला स्वतः तपासावं लागेल.

तपासायचं कसं ते सांगतो. टीव्हीवर अडकणारी फाइल लावा. ती चालू असताना लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. चालू असलेल्या व्हिडिओची चौकट तिथे दिसेल, तिच्यावरच्या ‘आय’ खुणेवर क्लिक करा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर सर्व्हर फाइल आहे तशी पाठवतोय, त्याला जवळपास काहीच कष्ट नाहीत. ‘रीमक्स’ असेल तर आतला व्हिडिओ तोच ठेवून फक्त वरचं वेष्टन बदलतोय, हेही हलकं काम. ‘ट्रान्सकोड’ असेल तर तो प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा नव्याने बांधतोय, आणि हे काम प्रोसेसरला घाम फोडणारं आहे. ट्रान्सकोडच्या खाली कारणही लिहिलेलं असतं: व्हिडिओ कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) चालत नाही, ऑडिओ कोडेक चालत नाही, सबटायटल चालत नाही, किंवा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) मर्यादेपेक्षा जास्त आहे. हे कारण कागदावर उतरवून घ्या. सगळं निदान त्या एका ओळीत असतं.

मग डॅशबोर्डमध्येच लॉग बघा. ट्रान्सकोड झालं की ते काम करणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामच्या नावाने वेगळी लॉग फाइल तयार होते. तिच्या शेवटाकडे ‘स्पीड’ म्हणून आकडा असतो. तो १ पेक्षा जास्त असेल तर सर्व्हर व्हिडिओच्या पुढे पळतोय. ०.६२ असा काही असेल, तर २५ फ्रेमच्या व्हिडिओचे सेकंदाला साडेपंधराच फ्रेम तयार होतायत. टीव्ही थांबून वाट बघणारच. लोक याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतात आणि नेटचा प्लॅन वाढवतात. घरातल्या घरात सर्व्हरवरून टीव्हीवर जाताना इंटरनेटचा संबंधच येत नाही.

संबंध येतो तो वायफायचा. डॅशबोर्डवर ‘डायरेक्ट प्ले’ दिसतंय आणि तरी अडकतंय, तर मात्र वायफायकडे बघा. सर्व्हर तरी वायरने राउटरला जोडा. गावभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झ नीट जात नाही आणि २.४ वर शेजारच्या दहा राउटरांची गर्दी असते. शक्य असेल तर टीव्हीलाही वायर द्या. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण तुमच्या सामानाला तो भरपूर झाला.

आता मूळ मालाकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत मुख्य गाठ इथेच आहे. मिनी-डीव्ही टेप संगणकात उतरवली की जी एव्हीआय फाइल मिळते ती डीव्ही कोडेकमध्ये असते. ७२० बाय ५७६ चं चित्र, साधारण २५ एमबीपीएस, म्हणजे एका तासाला सुमारे १३ जीबी. ३८ टेप तासातासाच्या धरल्या तर जवळपास ५०० जीबी. हा कोडेक कॅमेऱ्यासाठी बनलेला आहे. आजचे टीव्ही, फोन किंवा ब्राउझर तो थेट वाजवत नाहीत. त्यामुळे तुम्ही कोणताही सर्व्हर लावा, कोणतंही कार्ड घाला, ही फाइल दर वेळी, दर प्रेक्षकासाठी, पुन्हा पुन्हा ट्रान्सकोडच होणार. डीव्हीडीच्या एमपेग-२ फाइलींचं बरंचसं तसंच. काही टीव्ही एमपेग-२ घेतात, काही घेत नाहीत.

दुसरी अडचण डोळ्यांना जास्त खुपते. हे चित्रण इंटरलेस्ड आहे. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसून ५० अर्धी चित्रं असतात, एकात विषम ओळी आणि पुढच्यात सम. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ते सुरेख दिसायचं. आजच्या टीव्हीवर दोन अर्धी चित्रं एकमेकांवर बसली की हलणाऱ्या गोष्टींच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. काका रंगमंचावर हात उंचावून संवाद म्हणतायत तिथे व्हिडिओ थांबवून बघा, बोटांच्या जागी आडव्या रेघा दिसतील. ट्रान्सकोड करताना सर्व्हर हे जोडून घ्यायचा प्रयत्न करतो, पण घाईत केलेलं काम ते घाईतलंच.

म्हणून माझा आग्रह आहे की हे काम एकदाच आणि निवांत करा. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात फिल्टरमध्ये डीइंटरलेस ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ निवडा आणि प्रकार ‘बॉब’ ठेवा, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रं होतात आणि हालचाल मूळच्या इतकीच मऊ राहते. २५ वर आणलीत तर अर्धी हालचाल कायमची गेली. फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’. व्हिडिओ एच.२६४, क्वालिटी आरएफ १८. ऑडिओ एएसी. वेष्टन एमपी४, आणि ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ वर टीक. चित्राचा आकार वाढवू नका. ५७६ ओळींचं १०८० केल्याने तपशील येत नाही, फाइल फुगते. हे कॉम्बिनेशन सांगण्याचं कारण असं की एच.२६४ हे २००३ सालचं मानक आहे आणि तुमच्या घरातलं, बहिणीच्या घरातलं, मामाच्या खिशातलं प्रत्येक यंत्र ते थेट वाजवतं. सर्व्हर डायरेक्ट प्लेवर येतो आणि निवांत होतो.

यातली एक खाच मला एका गिऱ्हाइकाच्या कामात फार उशिरा कळली, ती तुम्हाला आधीच सांगतो. सम ओळी आधी की विषम, याला फील्ड ऑर्डर म्हणतात. डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी असते, डीव्हीडीत बहुधा वरची. फाइलीत ही नोंद चुकीची असली तर बदललेला व्हिडिओ दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा थरथरतो. थांबवून बघितलं तर काही दिसत नाही, चालू असतानाच जाणवतं. म्हणून सगळ्या ३८ टेप एकदम लावू नका. एका टेपमधला भरपूर हालचालीचा, नाचाचा किंवा वरातीचा, दोन मिनिटांचा तुकडा आधी बदला, तो हॉलमधल्या टीव्हीवर बघा आणि मग बाकीच्या रांगेत लावा. रात्री लावून झोपा. मूळ डीव्ही फाइली मात्र पुसू नका. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, जेलीफिनच्या नजरेआड ठेवा. टेपवरचा चुंबकीय थर दर वर्षी थोडा थोडा खराब होतो आणि हँडीकॅम दुरुस्त करणारे आता शोधावे लागतात, त्यामुळे ती फाइल हीच यापुढे तुमची मूळ प्रत आहे.

आयफोनच्या व्हिडिओंची गोष्ट वेगळी. ते एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या कोडेकमध्ये असतात, आणि आयफोन १२ पासून एचडीआर (उजेड आणि रंगांचा जास्त पल्ला) चालू असेल तर १० बिटचे. गेल्या काही वर्षांतले फोर-के टीव्ही ते थेट घेतात, जुने फुल एचडी टीव्ही घेत नाहीत. हे टीव्हीवर अवलंबून. टीव्ही घेत नसेल तर तुमच्या प्रोसेसरची इथे खरोखर दमछाक होईल, कारण चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एचईव्हीसी उलगडण्याचं सर्किटच नाही, १० बिटचं तर सातव्या पिढीत आलं. शिवाय एचडीआरचे रंग साध्या टीव्हीसाठी उतरवून घेण्याचं काम वेगळं. जुने व्हिडिओ वरच्यासारखेच हँडब्रेकमधून काढा. पुढच्यासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा आणि फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, घरगुती चित्रणासाठी ते पुरेसं आहे.

एवढं करून जे थोडं ट्रान्सकोडिंग उरेल त्यासाठी प्रोसेसरमधलाच इंटेलचा ग्राफिक भाग वापरा. जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन आहे. बरेच जण तिथे क्विक सिंक हा इंटेलचा मार्ग निवडतात. लिनक्सवर इंटेलचा नवा ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढेच चालतो, म्हणून तुम्ही ‘व्हीए-एपीआय’ हा लिनक्सचा सर्वसाधारण मार्ग निवडा. खाली कोडेकची यादी आहे. तिथे फक्त एच.२६४, एमपेग-२ आणि व्हीसी-१ वर टीक ठेवा. सगळ्यावर टीक केलं की वेग वाढेल असं वाटतं, पण मशीनला जे जमत नाही त्यावर टीक असली की अनेकदा व्हिडिओ सुरूच होत नाही, टीव्हीवर नुसता ‘प्लेबॅक एरर’ येतो. डॉकर असल्यामुळे आणखी एक पायरी आहे. ग्राफिकचं डिव्हाइस कंटेनरला द्यावं लागतं आणि मूळ उबुंटूवरच्या ‘रेंडर’ गटाचा क्रमांकही कंटेनरला कळवावा लागतो. हा क्रमांक प्रत्येक मशीनवर सारखा नसतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाची कम्पोझ फाइल (डॉकरची सेटिंग लिहिलेली फाइल) जशीच्या तशी उचलली की परवानगी नाकारली जाते आणि सगळं गुपचूप प्रोसेसरवर येऊन पडतं. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ शोधा.

त्याच पानावर ट्रान्सकोडच्या तात्पुरत्या तुकड्यांचा फोल्डर कुठे आहे तेही बघून घ्या. तो छोट्या एसएसडीवर असेल आणि एखादा लांबलचक व्हिडिओ चालू असेल तर डिस्क भरते आणि सगळंच थांबतं. जुने तुकडे आपोआप पुसण्याचा पर्याय तिथेच आहे, तो चालू करा.

सबटायटलच्या चौकोनांची कारणं दोन असू शकतात आणि ती ओळखायची युक्ती सोपी आहे. तीच फाइल लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लावा. तिथे मराठी नीट दिसली आणि टीव्हीवर चौकोन आले, तर बहुधा टीव्हीसाठी सर्व्हर सबटायटल चित्रावरच छापून पाठवतोय आणि कंटेनरच्या आत देवनागरी फॉन्ट नाही. नोटो सान्स देवनागरी कंटेनरला द्या, आणि जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये ‘फॉलबॅक फॉन्ट’ चा फोल्डरही दाखवून ठेवा. छापून पाठवणं म्हणजे पुन्हा पूर्ण ट्रान्सकोड, हे लक्षात असू द्या. डीव्हीडीतली सबटायटलं चित्रांच्या रूपात असतात, त्यांनाही हाच मार्ग. म्हणून सबटायटल साध्या एसआरटी फाइलीत, व्हिडिओच्याच नावाने ठेवा, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एम-ए-आर ही अक्षरं लावा, म्हणजे ती यादीत ‘मराठी’ म्हणून येते.

दोन्हीकडे चौकोन किंवा भलतीच अक्षरं आली तर फाइलच तपासा. काकांच्या नाटकांचे संवाद कुणी जुन्या श्रीलिपीत टाइप केले असतील, तर तो मजकूर युनिकोड नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून, मग यूटीएफ-८ म्हणून साठवावा लागेल.

आता वीज गेल्यावर लायब्ररी रिकामी होते ती तक्रार. हिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण ही वरवर गूढ वाटते आणि तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात तिचं उत्तर आहे. ‘डिस्कच्या नावापुढे कधी कधी १ लागलेला दिसतो,’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. घडतं ते असं. उबुंटूच्या डेस्कटॉपवर यूएसबी डिस्क आपोआप जोडली जाते, पण तुम्ही लॉगिन केल्यानंतर. वीज आली, मशीन सुरू झालं, अजून कुणी लॉगिन केलेलं नाही, डिस्क जोडलेली नाही. डॉकर मात्र लगेच उठतो. त्याला सांगितलेला फोल्डर जागेवर सापडत नाही, तर तो त्याच नावाचा रिकामा फोल्डर स्वतः तयार करतो आणि जेलीफिनला देतो. नंतर तुम्ही लॉगिन करता. डिस्कला तिचं नेहमीचं नाव घेता येत नाही, कारण त्या नावाचा फोल्डर आधीच बसलाय, म्हणून ती नावापुढे १ लावून जोडली जाते. जेलीफिन त्या रिकाम्या फोल्डरकडेच बघत राहतो.

यावर उपाय तीन भागांत आहे. डिस्क डेस्कटॉपच्या भरवशावर सोडू नका. तिचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) बघा आणि एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) कायमची नोंद करा, ठिकाण ‘मीडिया’ च्या बाहेरचं, उदाहरणार्थ ‘एसआरव्ही’ खाली. सोबत ‘नोफेल’ लिहा, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क काढलेली असली की मशीन बूटच होणार नाही. मग डॉकरच्या सर्व्हिसला सिस्टमडीमधून (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था) सांगा की ही डिस्क जोडली गेल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. त्यासाठी ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ अशी एक ओळ असते. शेवटी, कंटेनरला अख्खी डिस्क न देता डिस्कच्या आतला फोल्डर द्या, आणि तो छोट्या ‘व्ही’ पद्धतीने न देता ‘माउंट’ पद्धतीने द्या. या पद्धतीत फोल्डर सापडला नाही तर डॉकर रिकामा बनवत नाही, चूक दाखवून थांबतो. मला थांबलेला सर्व्हर परवडतो. रिकामी लायब्ररी बघून घाबरलेल्या माणसाने ‘सगळं पुसून पुन्हा स्कॅन’ दाबलं की हाताने लिहिलेली नावं आणि तारखा जातात.

डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) असेल तर वीज अचानक गेल्यावर तिच्यावर ‘अर्धवट’ अशी खूण राहते आणि लिनक्सचा नवा ड्रायव्हर ती जोडायला नकार देतो. मग विंडोजच्या मशीनवर नेऊन चेकडिस्क चालवावं लागतं. कायम लिनक्सलाच लागणार असेल तर ती लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, अर्थात आधी सगळं दुसरीकडे उतरवून. जेलीफिनचा स्वतःचा कॉन्फिग फोल्डर मात्र यूएसबीवर किंवा नेटवर्कवर नको. त्याचा डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे आणि नेटवर्क ड्राइव्हवर त्याची कुलपं नीट लागत नाहीत. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ हा लॉगमधला संदेश बहुधा तिथूनच येतो. तो आतल्या एसएसडीवर ठेवा. आणि एक छोटा यूपीएस घ्या, त्यावर सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही. ग्राफिक कार्डाच्या पैशांत तो सहज बसतो आणि मला विचाराल तर खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा.

लायब्ररीचा प्रकार कोणता निवडलात ते लिहिलेलं नाही. ‘मूव्हीज’ निवडला असेल तर बदला. एका घरी ‘बारसं’ नावाच्या फाइलीवर जेलीफिनने कुठल्याशा परदेशी चित्रपटाचं पोस्टर आणि कथा चिकटवली होती, आजी विचारत होत्या की आमच्या नातवाच्या जागी ही बाई कोण. घरच्या चित्रणासाठी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ निवडा, तो बाहेर शोधाशोध करत नाही. फाइलीच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस आणि मग विषय लिहिला की क्रम आपोआप लागतो.

बहिणीचा प्रश्न. राउटरचं पान उघडून डब्ल्यूएएनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनी अनेक गिऱ्हाइकांत वाटतेय आणि तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून कुणी तुमच्या दारापर्यंत पोचणार नाही. आपल्याकडच्या घरगुती फायबरवर हे सर्रास असतं, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेले तुमचे दोन दिवस फुकट गेले यात तुमचा दोष नाही. आणि जेलीफिनचा ८०९६ पोर्ट तसा उघडा टाकण्याचा सल्ला मी सीजीनॅट नसतं तरी दिला नसता.

टेलस्केल हे दूरची यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर वापरा. सर्व्हरवर एक, बहिणीच्या फोनवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर एक. दोन्ही यंत्रं आतून जोडली जातात आणि बहीण टेलस्केलने दिलेल्या पत्त्यावर ८०९६ लावून जेलीफिन उघडते. दोन गोष्टी विसरू नका. जेलीफिनच्या नेटवर्किंगमध्ये ‘रिमोट कनेक्शन’ ची परवानगी चालू हवी, कारण टेलस्केलचे पत्ते जेलीफिनला घरातले वाटत नाहीत. आणि टेलस्केलच्या स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’ ते बघा. रिले असेल तर सगळं मधल्या सर्व्हरवरून फिरून जातं आणि अडकतं. दोन्हीकडे आयपीव्ही६ चालू असेल तर डायरेक्ट जुळण्याची शक्यता बरीच वाढते. २५ एमबीपीएसची डीव्ही फाइल अशी पाठवणं अवघड होतं, बदललेली एमपी४ बहुतेक ४ ते ६ च्या आसपास असते, ती सहज जाईल. बहिणीला वेगळा युजर द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका. नाटकांच्या बाबतीत एक विनंती: लेखक, नट, संगीतकार यांचे हक्क त्यात आहेत, त्यामुळे ही लिंक कुटुंबापुरतीच ठेवा.

प्लेक्सबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर चांगलं आहे, टीव्हीवरची अ‍ॅप जास्त सफाईदार आहेत. पण तिथे हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे भरून प्लेक्स पास लागतो आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायलाही पैसे पडतात. आणि डीव्ही फाइल तिथेही ट्रान्सकोडच होईल. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून वेगळं झालं ते याच कारणाने की सगळं खुलं आणि मोफत राहावं, आणि घरच्या ठेव्यासाठी मला तेच योग्य वाटतं. फक्त ५ नोव्हेंबरच्या तोंडावर अपडेट करू नका. १०.११ या आवृत्तीत डेटाबेसची आतली मांडणी बदलली आहे, त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर कॉन्फिग फोल्डरची प्रत काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीवरून जुनीवर सरळ परत येता येत नाही.

राहिली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमचं घर गावभागात आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे पिशव्यांमधून चिखलाने भरलेल्या डिस्क आल्या. एका घरची मूळ डिस्क आणि तिची बॅकअप डिस्क दोन्ही एकाच कपाटाच्या खालच्या खणात होत्या. त्या दोन्हींमधून मला एकही फोटो काढून देता आला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी. म्हणून मूळ डीव्ही फाइलींची दुसरी डिस्क करा आणि ती पुराचं पाणी पोचत नाही अशा गावातल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवून या. सर्व्हर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्या, वायर लांब टाकावी लागली तरी चालेल.

या रविवारी एवढंच करा: डिस्क एफएसटॅबमध्ये बसवा, एका टेपचा दोन मिनिटांचा तुकडा बदलून टीव्हीवर बघा, आणि डॅशबोर्डवरचं ट्रान्सकोडचं कारण, लॉगमधला स्पीडचा आकडा आणि टीव्हीचं मॉडेल इथे लिहा. कार्ड लागणार असेल तर त्या तीन गोष्टींवरून कळेल, आणि मग कोणतं ते मी सांगेन.